वालाच्या शेतातली रात्रपाळी

"दादा! अरे दादा! दार उघड! उघड म्हणते ना!"

ओरडणारी मी. रोह्यातल्या एका इमारतीचा दुसरा मजला, सकाळचे अकरा वाजून गेलेले, आणि माझ्या हातात शेजारणीचं लाटणं, कारण दार बडवून बडवून तळहात सुजले होते. ज्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगते, पेणला माझी पोह्यांची गिरणी आहे. गिरणीच्या धडधडीवर बोलून बोलून माझा गळा असा तयार झालाय की मी पेण स्टेशनात शिंकले तर नागोठण्याला गाडी थांबते. त्या दिवशी त्या गळ्यानं अख्खी बिल्डिंग जिन्यात गोळा केली. तळमजल्यावरचं म्हातारं कुत्रं, जे पाऊस आला तरी जागचं हलत नाही, तेसुद्धा वर आलं. दार तेवढं उघडत नव्हतं.

वहिनी पायरीवर बसली होती. ती सकाळी भाजी आणायला खाली गेली आणि परत आली तर आतून कडी. बेल वाजवली, हाका मारल्या, फोन लावला. फोन आत वाजत राहिला. मी नशिबानं रोह्याच्या बाजारात पोहे पोचवायला आले होते म्हणून धावत येऊ शकले. वहिनी रडत नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन ती मेथी निवडत होती. एकेक पान खुडून पिशवीत, काडी पदरात. जे व्हायचं ते होऊन गेलंय असं ज्या बाईनं मनाशी धरलेलं असतं, तीच अशा वेळी मेथी निवडते.

"सुताराला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"सुतार कशाला, एक लाथ घातली की झालं," दुसरं कुणीतरी.

तेवढ्यात आतून कडी वाजली. दारात माझा भाऊ उभा. बनियन, लुंगी, डोळे चिकटलेले. जिन्यातल्या गर्दीकडे त्यानं एकदा बघितलं, माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ओरडू नको. माणसं झोपलीत."

कुणी हसलं नाही. मीही नाही.

माझ्या भावाचं सगळं आयुष्य धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये गेलं. फर्स्ट, सेकंड, नाईट. त्यातही नाईट जास्त, कारण ज्यांची पोरं लहान त्यांच्याशी हा पाळी बदलून घ्यायचा. दिवसा झोप यावी म्हणून अशा घरांतून खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवतात. त्याच्याही खोलीला होता, दोन थरांचा, कडेनं पट्टी मारलेला. आत शिरलं की भर दुपारी आपला हात आपल्याला दिसत नाही. मग तो रिटायर झाला. हार, नारळ, शाल, सगळं झालं. माणूस रिटायर झाला, पाळी काही झाली नाही. तो रात्रभर खुर्चीत बसून राहायचा, उजाडलं की झोपायचा आणि दिवस मावळताना उठायचा. आधी बोलणं कमी झालं, मग दाढी करणं, मग खाली उतरणं. दोन वर्षांत तो माणूस असा वाळला की वहिनीनं त्याचे शर्ट दोरीवर घातले तर ते त्याच्यापेक्षा भरलेले दिसायचे.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "वन्सं, आज दार उघडलं. एक दिवस उघडणार नाही."

डॉक्टरांकडे आम्ही आधीच गेलो होतो. त्यांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या तो घेतही होता. पण त्यांनी आणखी एक सांगितलं होतं: सकाळचं ऊन अंगावर पडू दे, चालू दे, हाताला काहीतरी असू दे. अंधारात बसवून ठेवलेल्या माणसाला नुसत्या गोळ्या किती पुरणार? ऐकायला किती सोपं. वहिनीनं एकदा त्याला फिरायला म्हणून गेटपर्यंत नेलं होतं.

"कुठं जायचंय?" त्यानं विचारलं.

"कुठं नाही. चालायला."

"चालून कुठं जायचं?"

आणि तो परत फिरला. यात त्याचा हट्ट नव्हता. ज्या माणसाचं बाहेर म्हणजे बसस्टॉप, कंपनीचं गेट, प्लँट आणि परत बसस्टॉप, त्याला कारणाशिवाय घराबाहेर पडतात हेच ठाऊक नव्हतं.

कारण नव्हतं, म्हणून मी कारण तयार केलं. कारणं तयार करण्यात मी पोहे तयार करण्यापेक्षा वाकबगार आहे.

कोलाडच्या अलीकडे, हायवेपासून आत, आमच्या गावी थोडी शेती आहे. एक शेजारी अर्धेलीनं कसतो, म्हणजे पिकेल त्यातलं अर्धं त्याचं. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच जमिनीत वाल. वालाला पाणी घालावं लागत नाही. मातीतली ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर ते येतात. शेंगा भरल्या की इकडे पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्यात पाला आणि शेंगा भरायच्या, मडकं उलटं करायचं आणि वर पेंढा पेटवून भाजायचं. सगळ्यांना आवडतं, आणि चोरलेल्या शेंगांची पोपटी तर जास्तच.

मी दुसऱ्या दिवशी भावाच्या अंधाऱ्या खोलीत शिरले आणि पलंगावर बसून गळा काढला. "दादा, लुटलं रे आपल्याला! टेम्पो घेऊन आले होते. पोपटीसाठी अर्धं शेत उपटून नेलं. मुळांसकट! बांधावरचा सागसुद्धा हलवून बघितला म्हणे."

वास्तविक दोन पोरांनी पिशवीभर शेंगा नेल्या होत्या.

अंधारातून आवाज आला. "राखायला माणूस लाव."

"मिळतोय कुठं? सगळे डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर गेले."

"मग?"

"मग काय. गेले वाल."

मला वाटलं, झोपला. मग त्यानं विचारलं, "पाळी कुठली?"

आता मी शहाणी असते तर म्हणाले असते, दिवसाची. पण तो बोलला यातच मला इतका आनंद झाला की मी म्हणून बसले, "तुला हवी ती!"

"नाईट," तो म्हणाला आणि उठून बूट शोधायला लागला.

झालं. ज्याला उजेडात आणायचा घाट घातला त्याच्यासाठी मी अंधार शेताएवढा वाढवून ठेवला. शेताच्या कडेला बांबू-पेंढ्याची खोप होती. तिच्यात त्यानं बाज टाकली आणि दिवसा झोपायचं म्हणून दाराला गोणपाट लावलं. टॉर्च, शिट्टी, थर्मास, कानटोपी. संध्याकाळी सहाला तो असा तयार झाला की जणू आत्ता कंपनीची बस येईल. आमचा अर्धेलीवाला शेजारी बांधावर उभा राहून बघत होता.

"ताय, वालाला रातचा वॉचमन?" तो माझ्या कानाशी म्हणाला. "रातचा कोन येतंय? कवातरी डुकर येतंय, ता बी शिट्टी फुकली का जातंय."

"तू गप रे," मी म्हणाले. मी स्वतः गावातल्या आमच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला. गिरणी पोराच्या गळ्यात टाकली. वहिनी रोह्यातच राहिली. पहिल्या रात्री तिला किती दिवसांनी झोप लागली असेल याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

सकाळी सूर्य वर येताना मी चहा घेऊन शेतावर गेले, तर हा बांधावर ताठ उभा. बूट दवानं भिजलेले.

"उशीर झाला तुला," तो म्हणाला.

"कशाला उशीर? झोपायचं ना आत जाऊन."

"रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही."

तेव्हा मला कळलं की मी नोकरीला लागले आहे. कंपनीत म्हणे तसंच असतं. पुढच्या पाळीचा माणूस येतो, चार्ज घेतो, काय झालं काय नाही ते ऐकतो, आणि मगच आधीचा निघतो. रिलिव्हर नाही आला तर सोळा सोळा तास जागेवर. त्यानं मला चार्ज दिला. "डुक्कर नाही. दव भरपूर. वरच्या कोपऱ्यात ससा येऊन गेला, दोन झाडं खाल्लीत. ओढ्याच्या बाजूनं पहाटे कोल्हा ओरडला. बाकी नॉर्मल." एवढी वाक्यं मी त्याच्या तोंडून दोन वर्षांत ऐकली नव्हती, तीही एका दमात.

मग मी काय केलं, तर चार्ज घ्यायला वेळ लावायला सुरुवात केली. ससा कुठला? दाखव. किती खाल्लं? कोल्हा कुठल्या हाताला? तो चिडायचा, पण दाखवायला चालायचा, कारण अर्धवट चार्ज देणं त्याच्या रक्तात नव्हतं. तोवर ऊन डोंगरावरून उतरून शेतात यायचं, वालाच्या पानांवरचं दव वाळायचं, आणि त्याच्या तोंडावर ऊन पडायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याला न सांगता होत होतं.

संध्याकाळी चार्ज द्यायची पाळी माझी. आता मी आणि खरं बोलणं यांचं लहानपणापासून वाकडं. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "पन्नास माकडं आली होती. त्यातलं एक तर असं, उभं राहिलं तर माझ्या खांद्याला लागेल."

"पन्नास?"

"मोजायला वेळ होता का मला?"

तो निघाला. सगळं शेत फिरला, खाली वाकून शेंगांची टरफलं बघितली. परत येऊन म्हणाला, "दोन आलेली."

"बाकीची लाजाळू होती."

दुसऱ्या दिवशी अजगरानं बकरी गिळली. "बकरी कुणाची?" त्यानं विचारलं. तिसऱ्या दिवशी बिबट्या पाणी पिऊन गेला, तोही चपला ओढ्याकाठी काढून ठेवल्यासारखा सावकाश. त्यानं ओढ्याचा काठ अर्धा तास तपासला. आणि मग त्यानं ठरवलं की या बाईच्या चार्जवर विसंबून राहता येणार नाही. तो साडेपाचला उठून यायला लागला, मग पाचला. मग दुपारी चारलाच गोणपाट बाजूला करून बाहेर, "काय झालं ते आत्ताच सांग, ठसे ताजे असतात." मी थापा जितक्या मोठ्या मारत गेले तितका तो लवकर उठत गेला. माझ्या थापांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी भाव आला.

हे ऐकून कुणाला वाटेल, शेतात नेला की माणूस बरा होतो. तसं नसतं. आमचा अर्धेलीवाला जन्मभर उन्हातच आहे, त्याच्या गुडघ्यांना आणि काळजीला उन्हानं उतार पडलेला नाही. माझ्या भावाचेही वाईट दिवस आले. एकदा तो सबंध दिवस बाजेवर भिंतीकडे, म्हणजे पेंढ्याकडे, तोंड करून पडला. मी वाघ आणला, चोर आणले, काही केलं तरी हलला नाही. मी बाहेर बांधावर बसून राहिले. माझ्याकडचे सगळे प्राणी संपले होते.

उन्हं कलल्यावर तो आपण होऊन आला आणि शेजारी बसला. समोर वालाची पांढरी फुलं, वर ऐन संध्याकाळचे बगळे. मग म्हणाला, "घरात रात्री बसतो ना मी खुर्चीत."

"हं."

"वाटतं, कुणीतरी येईल आता. चार्ज घेईल. मग मी झोपेन." त्यानं पायाजवळचं ढेकूळ फोडलं. "कोण येत नाय. उजाडतं, तरी कोण येत नाय."

ज्यांना मी माहीत आहे ते यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण मी गप्प बसले. तो बसला होता आणि मी त्याच्याजवळ बसले होते, एवढंच. अंधारल्यावर त्यानं उठून टॉर्च घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी चहा घेऊन गेले तर बांधावर कुणी नाही. हाक मारली. उत्तर नाही. मी किटलीसकट खोपीकडे धावले. खोपीच्या मागे, उघड्यावर, पेंढ्याच्या ढिगावर तो पडलेला. तोंडावर दव. मी जवळ गेले आणि त्याच्या नाकाशी हात धरणार, तोच असा घोरला की ओढ्यापलीकडचे बगळे उडाले. हे मी वाढवून सांगत नाही. निदान चार तरी उडाले.

त्याला जाग आली. सूर्य बघितला, मला बघितलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की मला ते बघवेना.

"मी ड्युटीवर झोपलो," तो म्हणाला.

"दादा, अरे..."

"उभ्या नोकरीत एकदा डोळा लागला नाही माझा. एकदा." त्याचे ओठ हलत होते. "तिकडं माझ्या भरवशावर माणसं आत असायची."

मला त्याला सांगायचं होतं, की वेड्या, हे वाल आहेत, आणि तू रात्री झोपलास, रात्री! तुझी बायको हे ऐकून देवाला नारळ फोडेल. पण ते त्याला लागलं असतं. त्याच्यासाठी ते वाल नव्हते. मी किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्या गळ्याला शक्य आहे तेवढ्या हळू, गंभीर आवाजात म्हणाले, "चूक झालीय. शिक्षा होणार. उद्यापासून तुला फर्स्ट शिफ्ट."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं, असं मला वाटतं. माझ्या सगळ्या थापा कळल्या, टेम्पोसकट. पण त्यानं मान खाली घालून ती शिक्षा घेतली.

दिवसपाळीत तो वेगळाच माणूस निघाला. सावलीवरून वेळ सांगायला लागला. अर्धेलीवाल्याबरोबर बांध घालू लागला, घामेजून सावलीला बसू लागला, बसल्या बसल्या त्याच्याशी वाद घालू लागला.

"भाऊ, तुमची नाईट गेली, आमच्या वालांचा आता कसा होनार?" अर्धेलीवाला त्याला डिवचायचा.

"होतील तसे होतील. तू फावडं चालव."

वहिनी अधूनमधून यायची, भाकरी आणायची. त्याच्यापासून जरा लांब बसून ती त्याला खाताना बघायची, पण काही विचारायची नाही. हातातून पाखरू उडेल अशी ती बसायची.

मग वाल वाळले. झाडं उपटली, खळ्यावर आणली, झोडली, वारवली. शेतात राखायला म्हणून एक दाणा उरला नाही. घरच्या वाटणीचे वाल पोत्यात भरताना वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, हे संपलं. आता?"

मी पोत्याचं तोंड शिवत राहिले. खरं सांगायचं तर तो हंगाम संपताना मला माझ्या भावाची भीती वाटत होती. त्याला बाहेर काढलं ते कामानं. काम गेलं की बाहेरही गेलं.

तसंच झालं. रोह्याला परत गेल्यावर तो रात्री झोपायचा, सकाळी उठायचा, दाढी करायचा, आणि हॉलमध्ये खुर्चीत बसून राहायचा. मी पेणहून फोन केला, "दादा, शेताच्या बांधाला उंदरांनी एवढी बिळं पाडलीत की म्हैस आत जाईल."

"शेतात आता काही नाही," तो म्हणाला. "मी बघून आलोय."

मी खेकडे सांगितले, वणवा सांगितला. तो ऐकून घ्यायचा आणि फोन वहिनीकडे द्यायचा. माझं सोंग त्याला पाठ झालं होतं. दिवसामागून दिवस तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हता, आणि वहिनीचा फोनवरचा आवाज पुन्हा तसा बारीक व्हायला लागला होता.

असाच एक दिवस भर सकाळी तिचा फोन आला. "वन्सं, मी उठले तर हे घरात नाहीत. मोबाईल इथंच आहे."

मी गिरणी चालू टाकून निघाले. मिळेल त्या गाडीनं रोहा गाठलं. वाटेत माझ्या डोक्यानं जे जे रचलं ते मी इथं लिहिणार नाही. दुसऱ्यांना सांगायला मी वाघ-अजगर आणते, पण त्या दिवशी मी स्वतःलाच जे सांगत होते त्यात नदी होती, रूळ होते. वहिनीला घेऊन मी बसस्टॉपवर गेले. कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं म्हणाली, नाही बघितले. बाजारात नाही, स्टेशनात नाही. अर्धेलीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "इकडं नाय आले, पन मी बगतंय." रिक्षास्टँडवर मी असा टाहो फोडला की दोन रिक्षावाले गिऱ्हाईक उतरवून आमच्याबरोबर शोधायला निघाले. ऊन माथ्यावरून कललं तेव्हा आम्ही दोघी बिल्डिंगच्या गेटाशी परत आलो. तिनं गेटाचा गज धरला होता.

आणि समोरून तो आला. सावकाश, हात मागे बांधून, जसा एखादा माणूस घरी येतो तसा. चपला धुळीनं पांढऱ्या, मान उन्हानं रापलेली, शर्टाला कुसळं.

मी सुटले. सगळं रोहा ऐकत होतं, कोलाडपर्यंत गेलं असेल. "कुठं होतास? जीव गेला आमचा! पोलिसांत जाणार होतो! सांगून जाता येत नाही? मोबाईल काय पूजेला ठेवलायस? काय काम होतं तुझं? कुणी बोलावलं होतं तुला? बोल ना!"

मालगाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबतात तसा तो माझं संपेपर्यंत उभा राहिला. मग वहिनीकडे वळला.

"काम काही नव्हतं. बाहेर होतो. जेवायला वाढ."